अकरा वाजता सुटणारा घाम

मानवत तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. सोबत रिपोर्टची झेरॉक्स आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आहे. पत्र थोडं आटोपून देते.

"सिस्टरबाई, रामराम. वय ५४. शुगर निघून सहा वर्षं झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनी दोन गोळ्या दिल्यात, त्या सकाळी चहासंगं घेते. मोठे दीर दोनदाच जेवतात, त्यांचं अकरा किलो वजन उतरलं. म्हणून तीन आठवड्यांपासून मीबी सकाळची भाकरी सोडली. लेक पुण्याला आहे, ती रोज व्हिडिओ पाठवते, दर दोन तासाला थोडं थोडं खा म्हणते. जाऊ कारल्याचा रस अन् मेथ्यांची पूड देते. बाजारात एका कंपनीवाल्यानी हातात दांडी धरायला दिली, कॉम्प्युटरवर बघून लिव्हर कमजोर झालंय म्हणला, साडेसहा हजाराची पावडर घेतली. कुणी म्हणतं ज्वारी बंद कर, कुणी म्हणतं ज्वारीच खा. कुणी म्हणतं चार लिटर पाणी पी. इकडं कापूस वेचायला गेले की अकराच्या सुमाराला हातपाय थरथरायलेत, घाम फुटायलाय, डोळ्यापुढं अंधारी यायली. मालक म्हणतात मनावर घेऊ नको. शेजारीण म्हणते सगळ्यांचं सोड, आपल्या शरीराचं ऐक. पण शरीर तर गोड चहा मागायलंय! त्याचं तरी कसं ऐकावं? मी कोणाचं ऐकू?"

ताई, रामराम.

ज्वारी, पाणी, पावडर हे सगळं नंतर. आधी तो अकरा वाजताचा घाम, कारण त्याला थांबवून ठेवता येणार नाही.

पाकिटाचा फोटो मी मोठा करून पाहिला. एक गोळी मेटफॉर्मिनची आहे आणि दुसरी ग्लायमेपिराइडची. मेटफॉर्मिन तशी सोशिक गोळी, एकटी असेल तर ती शुगर सहसा फार खाली नेत नाही. ग्लायमेपिराइडचं काम वेगळं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आहे की नुसता चहा, हे ती बघत नाही. म्हणून ही गोळी दिवसाच्या पहिल्या खाण्यासोबत घ्यायची असते, आणि घेतल्यावर जेवण चुकवायचं नसतं. तुम्ही सकाळी ती चहासोबत घेता, भाकरी सोडलेली, वर कारल्याचा रस, आणि मग तीन तास वाकून कापूस वेचता. कष्टानेही रक्तातली साखर खर्च होते. अकरा वाजेपर्यंत तुमच्या रक्तात साखर उरत नसणार. थरथर, गार घाम, अंधारी, धडधड, आणि गोड खावंसं वाटणं, हे सगळं शुगर ७० च्या खाली जाऊ लागल्याचं लक्षण असतं. हे मनावर घेण्यासारखंच आहे, असं मालकांना माझं नाव घेऊन सांगा.

आणि तो गोड चहा. तुम्हाला वाटलं, शुगरवाल्या बाईचं शरीर गोड मागतंय म्हणजे तिची जीभच ताब्यात नाही. पत्रात ते लिहितानासुद्धा तुम्ही लाजलात, हे मला अक्षरावरून कळलं. ताई, त्या घटकेला तुमचं शरीर अगदी नेमकं औषध मागत होतं. अशी थरथर सुटली की जागेवर बसायचं, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, आणि पंधरा मिनिटं उठायचं नाही. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर. बरं वाटलं की मग भाकरी खायची, कारण नुसत्या साखरेचा आधार फार वेळ टिकत नाही. शुगर-फ्रीच्या गोळीने यात काही होत नाही, खरी साखरच लागते. आणि कधी माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये, ठसका लागून ते श्वासनळीत जातं. तेव्हा १०८ ला फोन. सोबत वेचणाऱ्या बायांना हे आजच सांगून ठेवा.

आता दीर खरे की लेक खरी?

दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, ही पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती आपल्या मराठवाड्यात गावोगाव पोचवली. दर दोन तासांनी थोडं खा, हे ऋजुता दिवेकर यांच्या सांगण्यातून मराठी घरांत शिरलं. दोन्हीकडे अनुभवाने बोलणारी माणसं आहेत आणि दोन्हीकडे वजन उतरलेले लोक आहेत. तुमच्या दिरांना फायदा झाला तो खराच आहे. पण त्यांना शुगरची गोळी चालू आहे का? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. डॉ. दीक्षित यांच्या पद्धतीतसुद्धा सुरू करण्याआधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) तपासायला सांगतात. गावात येईपर्यंत ते तपासणं गळून पडतं आणि "सकाळचं खाणं बंद" एवढंच उरतं.

तुमच्या डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी गोळी ठरवली ती सकाळी भाकरी खाणाऱ्या बाईसाठी. आता सकाळी भाकरी न खाणारी बाई तीच गोळी घेते आहे. डॉक्टरही चुकले नाहीत आणि दीरही खोटं बोलले नाहीत. अर्धा सल्ला इकडचा आणि अर्धा तिकडचा, यांची गाठ तुमच्या पोटात पडली. दोनदा जेवायची पद्धत तुम्हाला करायचीच असेल तर करता येईल की नाही, हे डॉक्टरांशी बोलून, गोळ्यांचं माप बदलून ठरवायचं. आधी जेवण सोडायचं आणि मग कधीतरी डॉक्टरांना सांगायचं, हा क्रम धोक्याचा आहे.

म्हणून उद्यापासून, दवाखान्यात जाईपर्यंत, जुनी रीत पुन्हा सुरू करा. सकाळी भाकरी खा आणि गोळी भाकरीसोबत घ्या. कारल्याचा रस आणि मेथ्यांची पूड तूर्त बाजूला ठेवा. त्यांनी शुगर थोडी उतरू शकते आणि गोळीच्या जोडीला तेवढंही नडू शकतं. कारल्याची भाजी खायला काहीच हरकत नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. आणि येत्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना भेटा. वेचणी संपल्यावर जाते म्हणाल, तर नाही.

एक प्रसंग सांगते. मी ३१ वर्षं नर्सबाई म्हणून खेड्यांत काम केलं, त्यातली काही वर्षं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला आमचा तंबू असायचा. पायाला फोड, लचक, उलटी, असं चालायचं. एका दुपारी बाहेर गलका झाला. पन्नाशीची एक बाई घुमत होती. डोळे फिरलेले, केस सुटलेले, तोंडातून अर्धे अर्धे शब्द. भोवतीच्या बायांनी तिला मळवट भरला होता, कुणी पाया पडत होतं. तिची सून मात्र हात धरून बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अंगात येतं तवा सासूबाईचं अंग तापतं, बाई. आज गार पडलंय."

मी हात लावला. बर्फासारखा हात, आणि घामाने चोळी भिजून पाठीला चिकटलेली. बोटाला टोचून पाहिलं तर शुगर ४४. नवरात्राचे नऊ दिवस उपवास झालेले, त्यानंतरही पोटात धड अन्न नाही, आणि शुगरची गोळी रोज न चुकता चालू. बाई गिळू शकत होती, म्हणून आम्ही घोट घोट साखरपाणी पाजलं. वीस मिनिटांनी ती उठून बसली आणि पहिला प्रश्न केला, "माझी परडी कुठंय?"

तिच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी स्वतः त्या देवीची भक्त आहे. मला आठवते ती सून. ती शिकलेली नव्हती, शुगरची गोळी कशी चालते हे तिला कुठून ठाऊक असणार? पण रोजचं अंग आणि आजचं अंग यातला फरक तिने हाताने ओळखला. शरीराचं ऐकायचं म्हणजे मला तरी हे असं दिसतं. आपलं रोजचं काय, आजचं काय, आणि हे बदललं ते कशाच्या नंतर.

तेव्हा शेजारणीचं म्हणणं मला पटतं, पण सगळं नाही. कारण शरीर काही गोष्टींत अवाक्षर काढत नाही, आणि तीही बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. साठीचे एक शेतकरी, शुगर बारा-पंधरा वर्षांची, पायाला सूज आली म्हणून उपकेंद्रात आले. चप्पल काढली तसा वास सुटला. तळव्याची घाण पुसता पुसता चिमट्याला काहीतरी कडक लागलं. ओढलं तर बाभळीचा इंचभर काटा. मी विचारलं, मामा, हा कधी मोडला? ते म्हणाले, "मोडलाच नाही की, मला कळलं असतं." किती दिवस तो काटा आत होता आणि ते त्याच्यावर उभे राहून पाळी घालत होते, देव जाणे. तळपायाच्या शिरा शुगरने बधिर झालेल्या. पुढे त्यांची दोन बोटं काढावी लागली.

बीपीचंही तसंच. २०० ला पोचलेलं बीपी घेऊन बाई स्वयंपाक करत असते आणि तिला काहीच होत नसतं. सुरुवातीची वाढलेली शुगरही दुखत नाही, खुपत नाही. जिथे शरीर बोलत नाही तिथे मशीनलाच विचारावं लागतं. आशाताईंना सांगून उपकेंद्रात बीपी आणि शुगर मोजून घ्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची ही तपासणी सरकारी केंद्रांत फुकट होते. आणि रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही तळपाय दिव्यापुढे धरून बघा. नीट वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. शेतात उघड्या पायांनी जायचं नाही.

पण मशीनवर सगळा भार टाकला की काय होतं, तेही बघा. तुमचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे. उपाशीपोटी १३८, तीन महिन्यांची शुगर ८.१. हा कागद एकटा घेऊन तुम्ही गर्दीच्या ओपीडीत उभ्या राहिलात आणि तोंड उघडलं नाहीत, तर डॉक्टर काय करतील? शुगर जास्त दिसते म्हणून गोळीचं माप वाढवतील. त्यांच्या जागी कुणीही तेच करील. आणि मग अकरा वाजता तुम्ही कापसाच्या सरीत आडव्या झालेल्या असाल. रिपोर्टमध्ये अकरा वाजता काय होतं ते छापलेलं नसतं. ते व्हिडिओतल्या माणसाला माहीत नाही, दिरांना नाही, मलाही तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. त्या वेळी तिथे फक्त तुम्ही असता.

आपल्याकडच्या बायांना हे सांगायची सवयच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. "अंगावर काढणं" हा शब्द आपण किती सहज वापरतो! ताप अंगावर काढला, पांढरं जाणं अंगावर काढलं, कंबर अंगावर काढली. आणि एवढं काढून शेवटी बाई दवाखान्याच्या दारात गेली, तर तिथेही तिचं ऐकून घेतलं जाईलच असं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, एवढीच तक्रार घेऊन कितीतरी जणी गेल्या. फडावर शौचाला आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही, खाडा केला तर पैसे कापतात. शरीर यातलंच काहीतरी सांगत होतं. उत्तर मिळालं ते पिशवी काढायचं. म्हणून कुणी मला म्हणालं की बायांनी आपल्या शरीराचं ऐकावं, की मी पहिल्यांदा विचारते, आणि त्या बोलल्या तर त्यांचं कोण ऐकणार?

तुमचे डॉक्टर ऐकतात असं पत्रावरून वाटतं, "भले माणूस आहेत" असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना आणखी काही गोष्टी सांगायच्या आहेत, त्या मी आता लिहिते.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोन ओळींत उरकलंय की दिवसभर पाय गळून जातात, जिना चढताना धाप लागते, तळपायाला मुंग्या येतात, आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली दुखणं थांबवायची गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. हा अकरा वाजताचा प्रकार नाही. ते वेगळं आणि हे वेगळं. अकरा वाजताचं अचानक येतं आणि साखरेने जातं. हे गळून जाणं दिवसभर असतं आणि साखरेने जात नाही. तुमच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.९ आहे, त्याभोवती कुणी गोल केलेला नाही म्हणून ते राहून गेलं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणून "बायांचं असतंच तसं" म्हणायची पद्धत पडली आहे. पण तुमची पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली. मग रक्त जातंय कुठे? गुडघ्याची ती गोळी पोटात जखम करू शकते आणि थोडं थोडं रक्त आतल्या आत जाऊ शकतं. शी डांबरासारखी काळी होते का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा. लाजायचं नाही. तीच गोळी शुगरवाल्यांच्या किडनीलाही चांगली नाही, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगा आणि ती गोळी आजपासून घेऊ नका. गुडघ्यासाठी दुसरं काही द्या, असं त्यांनाच विचारा.

मुंग्यांचं कारण शुगर असेल किंवा दुसरं काही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही तळपायाला मुंग्या येतात. एका रक्ततपासणीने ते कळतं आणि त्यावर उपाय सोपा आहे. आणखी एक, अंगात लोह कमी असेल तर ती तीन महिन्यांची शुगर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणजे तो ८.१ चा आकडाही हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवा. हे डॉक्टरांना ठाऊक असतंच. त्यांना फक्त अकरा वाजता काय होतं ते कळायला पाहिजे, आणि तेवढं तुमच्याकडून.

बाकीच्यांना आता थोडक्यात घेते. ज्वारी सोडायची गरज नाही. ज्वारीतही पिष्ट असतं, शुगर तिनेही वाढते, पण तंतू भरपूर असतात. खरा प्रश्न किती भाकऱ्या आणि कशासोबत, हा आहे. दोन मोठ्या भाकऱ्या आणि नुसता ठेचा, याऐवजी दीड भाकरी, घट्ट वरण किंवा मूग-मटकी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, सोबत शेंगदाण्याची चटणी. हे तुम्हाला मानवतं की नाही ते तुमच्याच शरीराला विचारता येतं. एके दिवशी असं जेवून दोन तासांनी शुगर मोजा, दुसऱ्या दिवशी तुमच्या नेहमीच्या पद्धतीने जेवून मोजा. जो आकडा येईल तो तुमचा, दिरांचा नाही. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर जाऊ द्या.

चार लिटर पाण्याचं म्हणाल तर, २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच आपल्या मराठवाड्यात बसून मी तुम्हाला लिटर मोजायला सांगणार नाही. मला उलटीच काळजी आहे. शेतात आडोसा नाही म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी गर्द पिवळी झाली, जळजळायला लागली, तर पाणी कमी पडतंय. फिकट असेल तर पुरतंय. आणि पाणी पिऊनही तहान भागत नसेल, रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, तर शुगर वाढल्याची ती खूण असू शकते, तीही लिहून ठेवा. पायावर सूज असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

साडेसहा हजारांची पावडर आजच बंद करा. हातात दांडी धरून लिव्हरचा रिपोर्ट निघत नाही, लिव्हरसाठी रक्त तपासावं लागतं. डबा फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला न्या, त्यात काय घातलंय ते त्यांना बघू द्या. पैसे गेल्याचं मनाला लावून घेऊ नका. घाबरलेल्या माणसाला गाठूनच ते लोक विकतात, आणि तुम्हाला अकरा वाजता जे होत होतं त्याने कुणीही घाबरलं असतं.

भीतीचंही शरीरात उमटतं, ताई. रात्री अंथरुणात पडून तीन व्हिडिओ पाहिले की छाती धडधडते, पोटात गोळा येतो, आणि मग तेही दुखणं वाटतं. ते खोटं नसतं, धडधड खरीच असते. पण ती कशानंतर आली हे बघितलं तर उलगडतं. लेकीला सांगा, बाई, दिवसाला एक व्हिडिओ पाठव, आणि त्याऐवजी अकरा वाजता एक फोन कर.

आता काय करायचं ते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही दुधाचा हिशेब मांडत असाल, तसाच हा मांडा. तारखेच्या चौकोनात चार गोष्टी: गोळी किती वाजता, खाल्लं काय आणि कधी, काय झालं आणि किती वाजता, कशाने बरं वाटलं. "गो ७, भा ७, थरथर नाही" एवढं पुरे. शक्य असेल तर ग्लुकोमीटर घ्या, नाहीतर आशाताईंना थरथर सुटण्याच्या वेळेला बोलवा आणि त्याच घटकेला शुगर मोजून घ्या. दुपारी घरी येऊन मोजली तर ती वर आलेली असते आणि मग सगळे म्हणतात, बघ, काही नाही. पण मोजण्यासाठी साखर थांबवायची नाही. मशीन हाताशी नसेल तर आधी साखर.

दवाखान्यात गेल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या रिपोर्ट पुढे करू नका. आधी बोला: "तीन आठवड्यांपासून सकाळचं खाणं सोडलंय, गोळी चालू आहे, अकरा वाजता थरथर आणि घाम येतो, साखर खाल्ली की थांबतं." एवढं एका दमात म्हणा, मग कागद द्या. गुडघ्याची गोळी, कारल्याचा रस, पावडर, सगळं पिशवीत घालून न्या. ते रागावतील म्हणून लपवू नका. मालकांनाही सोबत न्या, त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून पडू द्या. मानवतला जाणं जमत नसेल तर आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि काही गोष्टींत कॅलेंडर बघत बसायचं नाही. छातीत दाब, जबडा, पाठ किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण धाप आणि गार घाम, साखर खाऊनही न थांबणारा, हे पित्त आहे म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. शुगरवाल्या बाईला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, यातलं काहीही झालं तर लगेच १०८.

साखरेची पुडी पदराच्या टोकाला बांधून ठेवा, वेचणीच्या ओटीत नको, कापसात हरवेल. उद्या सकाळी गोळी भाकरीसोबत. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, आणि कॅलेंडरच्या त्या पानाची झेरॉक्स पाठवा.

तुमची,
सिस्टरबाई